अडलेली वाकळ



तुमच्या घरात माळ्यावर, कणगीमागे किंवा जुन्या ट्रंकेत एखादी अर्धी शिवलेली गोधडी पडून आहे का? जरा आठवून पाहा. बहुतेक घरांत असते. हौसेने काढलेली असते, चार-दोन रांगा घातलेल्या असतात, सुईसुद्धा तशीच टोचून ठेवलेली असते आणि सुईला गंज चढलेला असतो. घरातल्या बाईला विचारले तर ती म्हणते, "कंटाळा आला बघा. आता होत नाही." एवढे बोलून ती विषय बदलते.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या बाईने खता-बियाण्याचे बोलावे, हिला गोधडीची उठाठेव कशाला? पण गेली तीस वर्षे मी पंचायत समितीत कृषी विस्ताराचे काम करते. बांधावर बोलणे झाले की घरात चहाला बोलावणे येते. त्या वेळी ओसरीवर बसून बायाबापड्यांशी ज्या गप्पा होतात त्या काही खताच्या नसतात. त्या गप्पांतून आणि माझ्या स्वतःच्या एका वाकळेतून जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवते. कंटाळा हा आळस नव्हे. त्याला कारण असते, आणि कारण सापडले की बहुतेक वेळा उपायही सापडतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या माण-खटाव भागात आम्ही तिला वाकळ म्हणतो. इतर भागांत गोधडी म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेवर गेलात तर कौदी म्हणतील. लहान बाळाची ती दुपटे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थान-सिंधकडे रल्ली. नावे निराळी, पण काम एकच. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालायचे आणि साध्या धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. गरिबाची म्हणून तिला कोणी नाके मुरडू नयेत. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचे जोडलेले वस्त्र असे, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ज्या वस्त्रावरून असे नाव पडले त्याला हलके कोण म्हणेल?

आता थोडा हिशेब करू. आम्हा शेतीखात्याच्या माणसांना हिशेबाशिवाय चैन पडत नाही.

नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात. पन्हा साधारण चार फुटांचा धरा. कात्री न लावता गोधडीचे माप तयार होते. आमच्याकडे वाकळ कडेकडेने चौकोनी फेरे घालत मध्यापर्यंत शिवतात. फेऱ्यांमध्ये एक इंच अंतर ठेवले तर एकूण शिवण भरते सुमारे ३२४ फूट. इंचाला चार टाके धरले तर झाले १५,५०० टाके. फेरे अर्ध्या इंचावर घेतले तर ३१,०००. एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू साधारण २०९ फुटांची असते. म्हणजे एकराच्या दीड बाजूएवढी वाट सुईने पाव पाव इंचाच्या पावलांनी चालून जायची, तेव्हा एक वाकळ होते.

एवढ्या वाटेत पाय दुखणार, ऊन लागणार, मध्येच बसावेसे वाटणार. तसे वाटले म्हणून चालणारा नालायक ठरत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. माझी आई २०१९ साली, मार्गशीर्षात गेली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जाई. मी तेव्हा दोन वर्षांची. कामाच्या ठिकाणी झाडाखाली वाकळ अंथरून त्यावर मला झोपवत असे, असे तीच सांगायची. पुढे दिवस बरे आले, पण दर उन्हाळ्यात एक तरी वाकळ शिवायचा तिचा नेम सुटला नाही. तिचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि सगळे टाके सारखे. जणू पाभरीने पेरले आहेत.

ती गेल्यावर आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला तिची रोजच्या नेसण्यातली लुगडी आली आणि वडिलांची दोन धोतरे. धाकटी फलटणला असते. ती म्हणाली, "अक्का, तुझा हात चांगला आहे. आईच्या लुगड्याची एक वाकळ शिव. तू पांघर, मीही पांघरीन." मलाही ते पटले. २०२१ च्या उन्हाळ्यात मी आईचे एक हिरवे लुगडे काढले, मध्ये वडिलांच्या धोतराचे दोन थर घातले आणि शिवायला बसले.

सात फेरे झाले आणि हात थांबला. पुढे रोज सुट्टीच्या दिवशी ती वाकळ उलगडायची, चार टाके घालायचे आणि घडी करायची. मग तेही बंद झाले. ज्या कामाची लहानपणापासून गोडी, त्याच कामाचा जीवाला त्रास होऊ लागला. त्यात बहिणीचा फोन यायचा. बिचारी प्रेमाने विचारायची, "अक्का, आईची वाकळ कुठवर आली गं?" हा प्रश्न ऐकला की जीव नको व्हायचा. हळूहळू आमच्या बोलण्यातून वाकळ गेली, आणि वाकळेबरोबर आईचा विषयही गेला. आई गेल्यावर माहेरची वाट तशीही पुसट होते. दोघी बहिणींत तीच एक गोष्ट सामाईक उरली होती. तीही ट्रंकेत जाऊन बसली. तीन वर्षे ती तिथेच होती.

आता पिकाकडे वळते. उसाचे पान पिवळे पडले की शेतकरी मला विचारतो, "बाई, युरिया टाकू का?" मी म्हणते, थांबा, आधी पान नीट पाहू. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर तो केवडा. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही म्हणून तो दिसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडले आहे. आणि सरीत पाणी साचून मुळे गुदमरली असतील तरीही पान पिवळेच पडते. तिन्ही ठिकाणी रंग एकच, पण कारणे तीन आणि उपायही तीन. पाणी साचलेल्या उसाला युरिया दिला तर पैसा गेला आणि पीकही सुधारले नाही. आणि पान पिवळे दिसले म्हणून कोणी ऊस उपटून टाकत नाही.

कंटाळ्याचेही तसेच असते. "मला होत नाही" हे फक्त पिवळे पान झाले. त्याच्या मुळाशी काय आहे ते पाहिले पाहिजे. गावोगावी बायांशी बोलून आणि माझ्या वाकळेकडे पाहून मला त्याची चार कारणे दिसली. ती एकेक करून सांगते.

पहिले कारण कापड. आपल्या आज्यांच्या वेळी घरात सगळे सुती असे. धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे, धोतर, पटका. सुई लोण्यासारखी जायची. आज जुन्या साड्यांचा ढीग काढला तर त्यात सुती साडी शोधावी लागते. बाकी सगळ्या पॉलिस्टरच्या किंवा नायलॉनच्या. त्या गुळगुळीत असतात, थर एकमेकांवरून सरकतात, शिवण ओढली की चुण्या पडतात. कडेकडून आत येत गेले की ढिल्या कापडाचा सगळा फुगा मध्यावर जमा होतो. बाई म्हणते, माझा हात बिघडला. हात बिघडलेला नसतो, कापड बदललेले असते.

यावर उपाय साधा आहे. शक्य असेल तर अंगाला लागणाऱ्या दोन्ही बाजू सुती घ्याव्यात, कारण घाम सुतीच शोषते. सरकणारे कापड वापरायचेच असेल तर शिवण्याआधी थर सपाट जमिनीवर ताणून घ्यावेत, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके आडवे-उभे घालावेत. यात एक दुपार जाते, पण पुढचा महिनाभराचा त्रास वाचतो. नवे सुती कापड घेतले असेल तर आधी पाण्यातून काढून वाळवावे. नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वाकळ वेडीवाकडी होते.

दुसरे कारण आपले शरीर. आपल्या भाषेत चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगीच नाही. चाळिशी उलटली की जवळचे धूसर दिसू लागते. पण खेड्यातली बाई चष्मा लावायला लाजते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते आणि तो आला नाही की काम ठेवून देते. वाचकहो, डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर तोही वेळेत कळतो. शिवायला बसायचे ते सकाळी किंवा दुपारी, दाराशी किंवा खिडकीशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे. डावखुऱ्यांनी उजव्या. रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. गडद कापडावर पांढरा किंवा पिवळा दोरा घ्या. टाका दिसतो आणि शोभतोही.

दोऱ्यावरून मेणाचा खडा एकदा फिरवला की गाठी पडत नाहीत. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा घेतला म्हणजे काम लवकर होईल असे वाटते, पण तो गुंततो आणि गुंता सोडवण्यातच जास्त वेळ जातो. शिंप्याकडे बोटात घालायचे लोखंडी टोपण मिळते. आपल्याकडे त्याला अंगुस्तान म्हणतात. ते घालून सुई ढकलली की बोटाला भोके पडत नाहीत. आणि पाठ? जमिनीवर वाकून तासन्‌तास बसू नका. पाटावर बसा, पाठीला भिंत असू द्या, वाकळेचा भार मांडीवर न घेता पुढे अंथरलेला ठेवा. अर्ध्या तासाने उठून दोन घागरी पाणी भरून या किंवा जनावरांना वैरण टाकून या. मान मोकळी होते.

माझ्या बाबतीत या दुसऱ्या कारणाचा वाटा होताच. चष्म्याचा नंबर वाढला होता. तो बदलून घेतला आणि निम्मे काम झाले.

तिसरे कारण जरा आतले आहे. तुलना आणि भीती असे मी त्याला म्हणते. मी एक टाका घातला की आईचा टाका डोळ्यांपुढे यायचा. तिचा ज्वारीचा दाणा, माझा तुरीचा. शिवाय कापड तिचे. बाजारातून दुसरे आणता येणार नाही असे. टाका वाकडा गेला, सुईने जुना धागा तुटला, तर काय, या धास्तीने हात आखडायचा.

२०२४ च्या चैत्रात ट्रंका उन्हात टाकल्या तेव्हा ती वाकळ बाहेर निघाली. कडुनिंबाचा पाला घातलेला होता, कसर लागलेली नव्हती. पण ज्या घडीवर ती तीन वर्षे दुमडलेली होती तिथे कापड विरले होते. बोट फिरवले तर धागे सुटत होते. आमच्या आळीत एक काकी आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्या उन्हाला येऊन बसल्या होत्या. त्यांनी ती वाकळ मांडीवर ओढली, उलटी-सुलटी केली आणि विचारले, "कुणाचं लुगडं गं हे?"

मी म्हटले, "आईचं."

"मग हितं का थांबलीस?"

मी म्हटले, "काकी, आईसारखा टाका येत नाही. आणि कापड वाया जाईल असं वाटतं."

काकी हसल्या. म्हणाल्या, "आगं, त्यो टाका तिचा. तुझा टाका तुझा. दोघींच्या हातात येकच टाका कसा यील? आन्‌ वाकळ काय परदर्शनात लावायचीय व्हय? रातच्याला पांघरल्यावर टाका कुणाला दिसतोय? ऊब तेवढी लागती." मग त्या विरलेल्या घडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "कापड वाया जाईल म्हनतीस, ते पेटीत जायाला लागलंय बघ. सुईनं कापड मरत न्हाय पोरी. घडीत मरतं."

शेतीच्या पुस्तकात मी पुष्कळ शिकले, पण हे तिथे नव्हते. विरल्या जागी त्यांनी स्वतःच्या जुन्या पातळाचा एक लांबट तुकडा लावून दिला. हिरव्यावर तांबडा. तो आजही तसाच दिसतो, आणि सगळ्या वाकळेत तीच जागा सर्वांत मजबूत आहे.

त्याच संध्याकाळी मी वही घेऊन हिशेब मांडला. पन्हा चार फूट, म्हणजे ४८ इंच. दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत येत गेले की २४ फेऱ्यांत मध्य गाठतो. माझे सात झाले होते. मन म्हणत होते, अजून सतरा बाकी, म्हणजे पाव हिस्सा कसाबसा झाला. पण बाहेरचे फेरे लांब असतात आणि आतले आखूड होत जातात. पहिला फेरा साडेएकवीस फुटांचा, हजारावर टाक्यांचा. शेवटचा फेरा पाच-सहा फुटांत संपतो. मोजून पाहिले तर सात फेऱ्यांत एकूण शिवणीपैकी ४० टक्क्यांहून जास्त शिवण झाली होती. बारा फेरे होतील तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश काम उरकलेले असेल. म्हणजे वाटेचा सर्वांत दमवणारा भाग मागे पडलेला होता. ज्या बाईची वाकळ अशी अडली असेल तिने हा हिशेब जरूर करावा. बहुतेक वाकळी पहिल्या सात-आठ फेऱ्यांतच अडतात आणि चढ तिथेच असतो. पुढे उतार आहे.

चौथे कारण घाई. हे मी एका गावातल्या बचत गटात पाहिले. गटातल्या बायका उन्हाळ्यात एकत्र बसून गोधड्या शिवत. गप्पा, गाणी, एकमेकींच्या सुना-लेकींची चौकशी, सगळे त्यात असे. शहरातल्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले आणि मोठी मागणी दिली. सगळ्या गोधड्या एका मापाच्या, एका नक्षीच्या, ठरल्या तारखेला हव्यात. पैसा मिळणार म्हणून सगळ्यांना आनंद झाला. महिन्याभरात गाणी थांबली. एकीची गोधडी अर्धा इंच कमी भरली म्हणून परत आली, दुसरीने रात्री जागून शिवली आणि डोळे सुजवून घेतले. दोन बायका तर गट सोडायला निघाल्या.

पैसा मिळवू नये असे मी म्हणत नाही. बाईच्या हाताला दाम मिळालेच पाहिजे, आणि चांगले मिळाले पाहिजे. त्या गटाने पुढे बसून विचार केला. जेवढे दोन तासांच्या बैठकीत होते तेवढीच मागणी घ्यायची, खुरपणी-काढणीच्या दिवसांत तारीख द्यायची नाही, नक्षी आपण ठरवायची, आणि आठवड्यातून एक दिवस फक्त आपापल्या घरची गोधडी शिवायची, त्या दिवशी विकायच्या गोधडीला हात लावायचा नाही. व्यापारी थोडा कुरकुरला, पण त्याने मान्य केले. मी पुन्हा गेले तेव्हा गाणी चालू होती. जमिनीलाही सारखी पिके घेतली तर विश्रांती लागतेच की. हाताचे काय निराळे?

आता माझ्या वाकळेचे पुढे काय झाले ते सांगते. काकींच्या बोलण्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, आधी एक लहान दुपटे शिवले. शेजारच्या लेकीला बाळ होणार होते. दोन हात लांब, दीड हात रुंद. आठ दिवसांत पुरे झाले. पुरे झालेल्या कामाची एक चव असते. बरेच दिवस ती चव तोंडाला लागली नव्हती. मोठे काम अडले असेल तर मध्ये असे एखादे छोटे काम पुरे करून पाहा. मुख्य पीक उभे असताना बांधावर मेथी-कोथिंबिरीचा वाफा घेतो आपण, तसे.

दुसरी गोष्ट म्हणजे, बहिणीला फोन केला. या खेपेला तिने विचारण्याआधी मीच म्हटले, "आईची वाकळ सात फेऱ्यांवर आहे. मे महिन्यात आठ दिवस ये. दोघी मिळून शिवू." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "अक्का, मला कुठं येतंय गं शिवायला?" मी म्हटले, "न येऊ दे. ये तर खरी."

ती आली. दुपारची जेवणे झाली की ओसरीवर वाकळ अंथरायची, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. काकीही येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी बहिणीचा टाका बोटाच्या पेराएवढा पडला. ती उसवायला निघाली तर काकींनी हातावर चापट मारली. चौथ्या दिवशी टाका निम्मा झाला. शिवता शिवता आईचा विषय निघाला आणि मग थांबलाच नाही. खडी फोडायच्या कामावर तिच्या अंगठ्याला लागलेले, तिची उकडलेली हुलग्याची उसळ, वडिलांशी भांडण झाले की ती वाकळ घेऊन परसात शिवत बसायची ते. काही गोष्टी मला ठाऊक होत्या, काही फक्त धाकटीला. हसलो, एकदा रडलोही. फेरे किती झाले ते मोजायचे आम्ही विसरून गेलो. मला वाटते, गोडी परत आली ती त्याच दिवसांत. तिच्या मागे लागलो नाही, तेव्हा ती आपल्या पायांनी आली.

आठ दिवसांत वाकळ पुरी झाली नाही. पाच फेरे राहिले. ते मी मृगाच्या तोंडावर, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत एकटीने घातले. रोज संध्याकाळी अर्धाच तास, त्यापुढे नाही. उद्या आणखी शिवायला मिळेल अशी ओढ लागली असतानाच सुई टोचून ठेवायची. हे मी मुद्दाम करत असे, आणि तुम्हीही करून पाहा.

आता ती वाकळ दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्याकडे असते आणि पुढे फलटणला जाते. तिच्यात तीन-चार तऱ्हेचे टाके आहेत. तुरीएवढे माझे, पेराएवढे बहिणीचे, आणि तांबड्या तुकड्याभोवतीचे काकींचे बारीक. आईचा टाका त्यात एकही नाही. लुगडे मात्र तिचे आहे.

तर मंडळी, यंदा रब्बीची काढणी उरकली की ट्रंक उघडा. अडलेली गोधडी बाहेर काढून आधी दिवसभर उन्हात टाका. मग तिच्याकडे नीट पाहा. कापड सरकते आहे का? डोळे साथ देत नाहीत का? दुसऱ्या कोणाच्या टाक्याची धास्ती आहे का? का कोणी तारीख लावून दिली आहे? जे कारण सापडेल त्यावर उपाय करा. शेजारणीला बोलवा. घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनीही सुई हातात घ्यायला हरकत नाही. पोत्याला दाभण घालणाऱ्या हाताला वाकळेचा टाका जड नाही. आणि सुनेला, लेकीला पहिला टाका घालू द्या, कसाही पडो.

नवरात्राआधी घरोघरच्या गोधड्या नदीवर, विहिरीवर धुवायला निघतात. तेव्हा त्या ढिगाऱ्यात तुमची ती अडलेली गोधडीही असावी. ओली झाली की ती एकटीला पिळवणार नाही. दोन टोकांना दोघी लागतील.